पुस्तकाचा वास आणि बदलीचा हुकूम

मराठी सभागृहात हमखास टाळी घेणारी वाक्ये आता फार उरलेली नाहीत. पण 'कोऱ्या पुस्तकाचा तो वास यंत्राला कुठून येणार?' हे वाक्य अद्याप टिकून आहे. ग्रंथोत्सवाचे उद्घाटन असो, एखाद्या वाचनालयाचा वर्धापनदिन असो की १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन असो, वक्ता क्षणभर डोळे मिटून हे वाक्य उच्चारतो आणि सभागृह कृतकृत्य होते. आम्हीही या वाक्याला अनेकदा टाळ्या वाजवल्या आहेत. ज्या काळात त्या वाजवल्या, त्या काळात आम्ही वर्षाकाठी दोन पुस्तकेही पुरी करीत नव्हतो, ही गोष्ट मात्र फार उशिरा आमच्या ध्यानात आली.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त होय. आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या माणसाच्या नोकरीची जागा, कामाचे स्वरूप आणि दिवसाची वेळ यांपैकी काहीच त्याच्या स्वतःच्या हाती राहिलेले नाही, त्याला हरवलेले वाचन परत मिळवून देण्याचे काम आज ई-रीडर करू शकतो. मराठी साहित्यव्यवहार मात्र वासाच्या गप्पा मारीत त्याच्या वाटेत उभा आहे. आणि या यंत्रात जे खरोखरीचे खोट आहेत, त्यांविषयी हाच साहित्यव्यवहार मूग गिळून बसला आहे.

आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याला राहतो. जैन मंदिर, पारशी अग्यारी, जवळच न्यायालय आणि नवरात्रात पाऊल टाकू न देणारी देवीची गर्दी अशी आमच्या वस्तीची ओळख. बावीस वर्षे आमचे कार्यालय येथून चालत बारा मिनिटांवर होते. दुपारी जेवायला घरी यावे, संध्याकाळी जांभळी नाक्याच्या बाजारातून भाजी घेत स्टेशनच्या दिशेने निघावे, सुभाष पथावरील मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन पुस्तक बदलावे आणि परतताना तलावपाळीवर अर्धा तास बसावे, असा आमचा क्रम होता. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली निघालेली ही संस्था. तिकडे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहून जुने, १८६४ चे. अशा गावांत वाढलेल्या माणसाला आपण वाचक आहोत याचा एक सूक्ष्म गर्व असतो. आम्हांलाही होता. वाचन हा आपल्या अंगचा सद्गुण आहे असे आम्ही समजत होतो. तो बव्हंशी भूगोलाचा सद्गुण होता, हे आम्हांला बदलीने शिकवले.

२०१५ च्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयात 'पुनर्रचना' नावाचा प्रकार झाला. आमचा हिशेब विभाग बंद करून अंधेरीच्या मोठ्या कार्यालयात विलीन करण्यात आला. 'सर, याला बदली समजू नका, संधी समजा,' असे आमच्या मुलाच्या वयाच्या एका अधिकाऱ्याने आम्हांला हसतमुखाने सांगितले. नव्या पदनामात 'वरिष्ठ' हा शब्द वाढला आणि काम तेवढे घटले. पूर्वी संपूर्ण खातेवही आमच्या नजरेखालून जाई. एखादी रक्कम चुकीच्या घरात पडली तर ती का पडली असावी, याचा शोध घेण्यात एक कारागिराचे समाधान असे. आता संगणकाने लाल ठरवलेल्या नोंदी पाहून त्यांवर हिरवी खूण करावयाची, इतकेच काम उरले. का लाल आणि का हिरवी, हे विचारण्याची सोय नव्हती.

प्रवासाचे तर विचारूच नये. डोंबिवली-कल्याणकडून ओतप्रोत भरून आलेल्या जलद गाडीत ठाण्याला शिरावयाचे, घाटकोपरला अंग सोडवून घ्यावयाचे आणि २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या रांगेत उभे राहावयाचे. संध्याकाळी हेच सारे उलट्या क्रमाने. परत येईतो ग्रंथालयाची वेळ टळलेली असे. रविवार झोप, दळण आणि लग्नकार्ये यांत संपे. वर्गणी आम्ही नेमाने भरीत राहिलो; पुस्तके मात्र उशाशी धूळ खात पडू लागली. चारशे पानांचा ग्रंथ घेऊन गाडीत चढून पाहिले. एक हात वरच्या कडीला, दुसरा छातीशी धरलेल्या पिशवीला; पान उलटण्यासाठी तिसरा हात परमेश्वराने दिलेला नाही. दोन वर्षांत आम्ही वाचक राहिलो नाही. आम्ही फक्त वाचनाविषयीच्या भाषणांचे श्रोते उरलो.

हे दुःख काही जगावेगळे नाही, हे आम्ही जाणतो. मुंबई-ठाण्याच्या या पट्ट्याने याहून कितीतरी मोठी उलथापालथ पाहिली आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांची कामे गेली ती गेलीच. वागळे इस्टेटीत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर जेथे कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. २०००-०१ साली राष्ट्रीयीकृत बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. त्या 'स्वेच्छे'त स्वतःची इच्छा किती आणि धास्ती किती, हे त्या घरांनाच ठाऊक. आमची तर नोकरी शाबूत होती. तथापि नोकरी शाबूत ठेवून नोकरीतला अर्थ काढून घेणे, हा या काळाचा खास शोध आहे आणि त्याची दाद मागण्यास कोणतेही न्यायालय नाही. टेंभी नाक्याजवळचेही नाही.

या सुमारास आमच्या हाती एक पुस्तक देण्यात आले. 'हू मूव्हड माय चीज?' हे स्पेन्सर जॉन्सन यांचे १९९८ चे जगप्रसिद्ध पुस्तक. चक्रव्यूहात दोन उंदीर आणि दोन चिमुकली माणसे आहेत. एके दिवशी चीज नेहमीच्या जागेवरून नाहीसे होते. शहाणे जीव तक्रार न करता दुसरीकडे चीज शोधू लागतात, अशी ती बोधकथा. जगभरच्या कंपन्यांनी नोकरकपातीच्या व फेररचनेच्या हंगामात या पुस्तकाच्या प्रती गठ्ठ्याने वाटल्या आहेत. आम्ही ते मुकाट्याने वाचले, कारण ते वाचल्याची नोंद करावयाची होती. चीज कोणी हलवले, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. उत्तर पुस्तकात कोठेही नाही. किंबहुना तो प्रश्न विचारणारा मूर्ख होय, हेच त्याचे तात्पर्य आहे. दोन वर्षांत आमच्या हातून पूर्ण झालेले हे एकमेव पुस्तक. वाचनाची याहून मोठी विटंबना आम्हांला तरी ठाऊक नाही.

अशा अवस्थेत आमच्या भाच्याने एक ई-रीडर आणून दिला. 'मामा, नाही आवडला तर परत करा, पण एकदा वाचून तर बघा,' एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याला वासाचे वाक्य ऐकवले आणि यंत्र कपाटात ठेवून दिले. चार महिने ते तेथेच होते. मग एका पावसाळी सकाळी, खिशात मावते एवढ्याच कारणास्तव, ते आम्ही सोबत घेतले. भाच्याने त्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आधीच घालून ठेवली होती. मुलुंड गेले, भांडुप गेले, कांजूरमार्ग गेले. घाटकोपरला आम्ही उतरलो तेव्हा सोवळ्याच्या वेडाने घर वेठीस धरणाऱ्या वडिलांच्या हकिकतीवर आम्ही एकटेच हसत होतो आणि शेजारचे गृहस्थ आमच्याकडे संशयाने पाहत होते. पुढच्या आठवड्याभरात पुस्तक संपले. त्या वर्षी आम्ही एकतीस पुस्तके वाचली.

यात जादू कोणतीच नाही. सुमारे दोनशे ग्रॅमचे यंत्र एका हातात राहते आणि अंगठ्याने पान उलटते. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. त्याच्या पडद्यामागे सूक्ष्म कुप्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण असतात. पान बदलताना ते जागा बदलतात आणि मग वीज न खाता स्थिर राहतात. म्हणून भर उन्हात ते कागदासारखे दिसते आणि एकदा भारित केले की कित्येक दिवस चालते. पण आम्हांला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो निराळाच. या यंत्रात कार्यालयाचा ग्रुप नाही. भ्रमणध्वनीवरही पुस्तक वाचता येते, हे खरे. परंतु तो ज्या घटकेला आपल्या हातात असतो, त्या घटकेला आपण साहेबांच्याही हातात असतो. 'जरा ती कालची शीट बघता का?' हा निरोप कोणत्याही प्रकरणाच्या मध्यावर येऊ शकतो. ई-रीडर हे आमच्या परिचयाचे एकमेव यंत्र आहे, जे आमच्याकडून काहीही मागत नाही.

आता वासवाद्यांकडे वळू. त्यांचा मुद्दा नीट तपासला तर तो पुस्तकाचा नसून घराचा आहे. वास घ्यावयास कपाट लागते, कपाटास भिंत लागते आणि भिंतीसमोर निवांत बसावयास संध्याकाळ लागते. ज्यांना या तिन्ही गोष्टी सेवेच्या नियमांनी आणि निवृत्तिवेतनाने मिळाल्या, त्या पिढीचे हे सौंदर्यशास्त्र आहे. त्याविषयी आम्हांला आदर आहे. मात्र डोंबिवलीहून सकाळी सातला निघून रात्री नऊला परतणाऱ्या मुलीला, दीड खोलीत चौघांसह राहणाऱ्या मुलाला ते ऐकवणे, आणि त्यांनी वाचन सोडले म्हणून त्यांच्या नावाने बोटे मोडणे, हा उद्योग आम्हांला असभ्य वाटतो. वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे, असा गळा काढणारे आणि वाचण्याच्या नव्या साधनाला नाक मुरडणारे एकाच व्यासपीठावर, पुष्कळदा एकाच खुर्चीत बसलेले असतात.

शिवाय हा युक्तिवाद नवा तरी आहे काय? छापील पुस्तकच जेव्हा नवे होते, तेव्हा पोथी वाचणाऱ्या सोवळ्या मंडळींना तेही चालत नव्हते. शाईत चरबी असते, सबब छापलेला धर्मग्रंथ अपवित्र, असा आक्षेप होता. मुंबईचे आद्य मराठी मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, १८३१ साली पंचांग छापले आणि लोकांनी ते घरोघरी नेले. तेव्हा स्पर्शाचे सोवळे होते, आज गंधाचे आहे. अडचण एवढीच की, आजच्या मराठी प्रकाशनव्यवहारात तुपाची शाई करणारे गणपत कृष्णाजी फार थोडे आहेत.

पण वासवाद्यांना सोडून आम्ही पलीकडच्या छावणीत दाखल झालो आहोत, असे कोणी समजू नये. तेथे आणखी एक वर्ग आहे. त्याच्या लेखी ई-रीडर म्हणजे स्वतःची किंमत वाढवण्याचे उपकरण. वर्षाला बावन्न पुस्तके, दिवसाला इतकी पाने, पडद्याच्या तळाशी 'त्रेचाळीस टक्के पूर्ण' असा आकडा आणि वर्षअखेरीस मित्रमंडळींत जाहीर करावयाची यादी. कार्यालयात आमच्या कामाचे जे केले गेले, तेच ही मंडळी वाचनाचे करू पाहतात: लाल खूण, हिरवी खूण. वरती आम्ही एकतीस हा आकडा अभिमानाने लिहिला, त्यातही याच रोगाचा अंश आहे, हे आम्हांला लिहिता लिहिताच जाणवले. तो आकडा खोडण्याचा मोह आम्ही आवरला. वाचकांनी त्यावरून आमची पारख करावी. टक्क्यांचा आकडा दाखवू नये, अशी सोय यंत्रात असते. आम्ही ती शोधून काढली आणि तेव्हापासून सुखी आहोत.

नको असलेल्या बदलीत वाचनाने नेमके काय होते, याचे उत्तर आम्हांला 'स्मृतिचित्रे'नेच दिले. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राकडे 'धर्मांतराची कहाणी' किंवा 'आदर्श सहजीवन' म्हणून पाहण्याची आपल्याकडे रूढी आहे. गाडीत उभ्याने वाचताना आम्हांला ते निराळेच दिसले. हे एका अशा बाईचे पुस्तक आहे, जिचा संसार नवऱ्याच्या नोकऱ्यांमागे आणि लहरींमागे पुन्हा पुन्हा उचलला गेला, आणि तिला बहुधा कोणी विचारले नाही. रेव्हरंड टिळक आज या गावी, उद्या त्या गावी. हातची नोकरी सोडली हे घरी नंतर कळावयाचे. नागपूर झाले, राजनांदगाव झाले. राजनांदगावच्याच प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना बायबलची प्रत दिली, आणि पुढे १८९५ साली त्यांनी धर्मांतर केले. त्याची वार्ताही लक्ष्मीबाईंना मागाहूनच कळली. आगगाडीतले वाचन माणसाला कोठवर नेऊ शकते, याचे मराठीत याहून बलवत्तर उदाहरण नाही. आणि त्या वाचनाची किंमत घरात बसलेल्या माणसाने चुकवली, हेही त्याच उदाहरणात आहे.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने हे सारे कसे सांगितले आहे? ती हसते, तुम्हांलाही हसवते. टिळकांवर तिचे प्रेम आहे, याविषयी शंका राहत नाही. परंतु ती त्यांना सूट देत नाही. कोणी काय केले, केव्हा केले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे ती रोखठोक नोंदवून ठेवते. चीज कोणी हलवले, याचे उत्तर 'स्मृतिचित्रे'त पानोपानी आहे. आणि तरीही ते पुस्तक रडगाणे होत नाही. कंपनीने वाटलेले पुस्तक आम्हांला सांगत होते की, बदलाशी जुळवून घे आणि प्रश्न विचारू नकोस. लक्ष्मीबाईंनी दाखवले की, जुळवून घ्यावे लागले तरी जे घडले ते विसरण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. बदली आम्ही टाळू शकलो नाही. 'ही संधी आहे' हे वाक्य मात्र आम्ही त्या दिवसापासून मनात देखील उच्चारलेले नाही. त्या हिरव्या-लाल खुणा आम्ही आजही करतो. त्या काय आहेत आणि काय नाहीत, हे आता आम्हांला स्पष्ट दिसते. आमच्या मते वाचनाचा उपयोग म्हणतात तो इतकाच. आणि हा लहान नव्हे.

येथवर यंत्राचे गोडवे झाले. आता त्याचे खोट.

पहिला खोट मालकीचा. छापील पुस्तक आपले असते. यंत्रावरचे पुस्तक बहुधा वापरण्याच्या परवान्यापुरते आपल्याकडे असते. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादावरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली; पण असे करता येते, हे जगाला कळून चुकले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून त्याच कंपनीने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोय बंद केली. म्हणजे पुस्तक घ्यावयाचे, पण स्वतःच्या कपाटात ठेवावयाचे नाही. ज्यांना मालकाच्या मर्जीने जागा बदलावी लागली, त्यांच्या पुस्तकांचीही जागा दुसऱ्या मालकाच्या मर्जीवर, असा हा विलक्षण योग आहे. वासाऐवजी या मुद्द्यावर कोणी सभागृहात बोलले असते, तर आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसरा खोट कराचा. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर मात्र २०१७ साली तो १८ टक्के बसवण्यात आला आणि २०१८ साली, ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-पुस्तकापुरता, ५ टक्क्यांवर आणण्यात आला. कागदावर जे सरस्वतीचे रूप, तेच पडद्यावर करपात्र सेवा! या भेदाविरुद्ध मराठी साहित्यसंस्थांनी मोर्चा काढल्याचे आम्हांला स्मरत नाही.

तिसरा खोट सर्वांत मोठा, आणि तो परक्या कंपनीचा नसून आपला आहे. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या सोबतीने. दोनच महिन्यांनी डोंबिवलीत नव्वदावे साहित्य संमेलन भरले. त्याआधीपासून 'बुकगंगा'सारखे मराठी ई-पुस्तकांचे दुकान होते, ठाण्यातून चालणारे ई साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य पुस्तके घरोघर पोहोचवीत होते, मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक हक्कमुक्त ग्रंथ टंकित आणि मुद्रितशोधन करीत होते. या मंडळींना आम्ही मनःपूर्वक वंदन करतो. पण एवढी वर्षे लोटल्यावरही, अमुक मराठी पुस्तक ई-रीडरवर नीट वाचता येईल का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'पीडीएफ आहे' असे मिळते.

पीडीएफ हे पानाचे छायाचित्र समजावे. मोठ्या पानाचे छायाचित्र सहा इंची पडद्यावर कोंबले की अक्षरे मुंगीएवढी होतात; मोठी केली तर प्रत्येक ओळीला पडदा डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते. गाडीत एका हाताने हा व्यायाम अशक्य. ज्याला मजकुराचे पुस्तक म्हणतात, त्यात अक्षरे मोठी केली की ओळी आपोआप नव्याने जुळतात. मग मराठी पुस्तके तशी का निघत नाहीत? कारण आपली दोन-तीन दशकांची अक्षरजुळणी जुन्या टंकांत झालेली आहे. त्या टंकांत संगणकाच्या लेखी 'क' हा 'क' नसतोच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चे केवळ चित्र बसवलेले असते. टंक काढून घेतला की पानभर अगम्य खुणा उरतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र त्यात जोडाक्षरे निखळतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, 'दुसऱ्या'तला अर्धा र बिघडतो. ते शोधून दुरुस्त करावयास शुद्धलेखन जाणणारा माणूस बसवावा लागतो आणि त्याला पैसे द्यावे लागतात. खरी मेख येथे आहे. ते पैसे वाचवण्यासाठी वासाचे तत्त्वज्ञान फार उपयोगी पडते.

प्रकाशक म्हणतात, ई-पुस्तक काढले की त्याची चोरी होते. भीती खोटी नाही. पण आज भ्रमणध्वनीवरून जी मराठी पुस्तके चोरून फिरताना दिसतात, ती बहुतांशी छापील पुस्तकांच्याच वेड्यावाकड्या छायाप्रती असतात. रीतसर ई-पुस्तक न काढल्याने चोरी थांबलेली नाही. फक्त पैसे देऊन वाचू इच्छिणाऱ्या माणसाला आपण दारातून परत पाठवले आहे.

आणि जेथे चोरीचा प्रश्नच उद्भवत नाही, तेथे काय? आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. हरिभाऊ आपटे, गडकरी, केतकर, लक्ष्मीबाई हे केव्हाच सर्वांचे झाले. १९५० साली गेलेले साने गुरुजी २०११ च्या पहिल्या दिवसापासून आपले झाले. 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते भावे १९२६ साली गेले. त्यांचा ग्रंथ तर कितीतरी आधी मुक्त झाला. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली, हे स्तुत्यच. पण तीही पीडीएफच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात म्हणजे ज्याचे जुने वाङ्मय जिवंत आहे असे, हा अर्थ आम्ही समजतो. ते वाङ्मय कल्याणहून निघालेल्या गाडीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वाचण्याजोगे पडत नसेल, तर दर्जाचा कागद कोणत्या भिंतीवर लावावयाचा?

म्हणून आमची मागणी कंपनीकडे नाही. ती आपल्या ग्रंथालयांकडे आहे. १८९३ साली ठाण्यातल्या मंडळींनी 'लोक वाचत नाहीत' असे भाषण केले नाही. पुस्तके गोळा केली आणि दार उघडले. आज ते दार तारेतून आणि लहरींतून उघडावयाचे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदाने आहेत, ती अपुरी आहेत हेही खरे. तरी प्रत्येक जुन्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील हक्कमुक्त पुस्तकांपैकी वर्षाला पाच जरी शुद्ध, मुद्रितशोधन केलेल्या, कोणत्याही यंत्रावर चालणाऱ्या आणि कोणालाही परत काढून घेता न येणाऱ्या स्वरूपात आणली, तर दहा वर्षांत मराठीची एक मोठी मांडणी सर्वांच्या खिशात जाईल. मुद्रितशोधनास माणसे कोठून आणावयाची, असे विचारतील त्यांना आमचे उत्तर तयार आहे. पुनर्रचनेने रिकाम्या केलेल्या, अक्षर जाणणाऱ्या, चूक कोठे पडली हे शोधण्यात आनंद मानणाऱ्या पन्नाशीच्या माणसांची या पट्ट्यात वाण नाही. आम्ही स्वतः एक पुस्तक मागून घेतले आहे. रविवारी सकाळी दोन तास बसतो. खातेवहीतली चुकलेली रक्कम सापडल्यावर जे समाधान मिळे, ते आम्हांला निसटलेला रफार जागेवर बसवताना पुन्हा मिळाले.

गेल्या महिन्यात कार्यालयात पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. अंधेरीचा विभागही कोठेतरी हलणार, असे म्हणतात. हलेल. आम्ही नवी गाडी आणि नवा फलाट शोधू.

पुढच्या वाचन प्रेरणा दिनाला आम्ही नेहमीप्रमाणे सभागृहात येऊ आणि मागच्या रांगेत बसू. कोऱ्या पुस्तकाच्या वासाविषयी वक्त्याने अवश्य बोलावे. त्यानंतर मात्र त्याने एक आकडा सांगावा: या ग्रंथालयाने यंदा किती मराठी पुस्तके वाचण्याजोग्या मजकुरात लोकांना मोकळी करून दिली. आकडा एक असला तरी चालेल. आम्ही टाळी वाजवू.